गाळलेलं पाणी

आमच्या घरी कुणी आलं की आधी पाणी आणि मग चौकशी. पाणी सगळ्यांच्याच घरी देतात, पण माझ्या आईचं पाणी देणं म्हणजे एक सोहळा असायचा. विहिरीवरून आणलेलं पाणी ती मोठ्या पातेल्यात उकळायची. कोमट झालं की त्यात तुरटीचा खडा सात वेळा फिरवायची, एक पूर्ण दिवस ते हलवू द्यायची नाही, आणि दुसऱ्या सकाळी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून माठात गाळायची. माठात वाळ्याची जुडी असे. तांब्या चिंचेनं आणि राखेनं घासून लख्ख केलेला. पाहुणा ओट्यावर टेकला की तांब्या, त्यावर उपडा पेला आणि बशीत गुळाचा खडा. पाहुण्यानं पाणी पिऊन मान डोलावली की आईचं पोट भरायचं, मग पुढं जेवायला दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल, घशाखाली न उतरणारी भाकरी का असेना. आप्पा चिडवायचे की हिला समुद्र गाळायला दिला तर ही चार दिवसांत गोड करून देईल.

आईच्या या सोसामागं एक कारण होतं. आमची वाडी घोडेगावच्या बाजाराच्या वाटेवर, एका ओढ्याच्या काठी. ओढ्याच्या अलीकडे आमची पंधरा ख्रिस्ती घरं, पलीकडे शेतकऱ्यांचे मळे. आम्ही आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालो. त्याआधी गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. माझी आजी विहिरीपासून लांब घागर घेऊन बसायची आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घेऊन यायची. पुढं मिशनने ओढ्याकाठी आमच्यासाठी वेगळी विहीर खणून दिली, तिला सगळे मिशनची विहीरच म्हणत. आईनं लहानपणी आपल्या आईला दुसऱ्याच्या दारात ओंजळ पुढं करून पाणी पिताना पाहिलं होतं, आणि तेव्हाच मनात धरलं होतं की आपल्या घरचं पाणी असं असलं पाहिजे की कुणाला बोट ठेवायला जागा नको. हे तिनं मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता.

परवा एका लॉ कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं होतं. पर्यावरण कायदा आणि मानवी हक्क या क्षेत्रांतल्या शिक्षणाच्या आणि करिअरच्या संधी, असा विषय. भिंतीवर रंगीत तक्ते होते. पदविका, पदव्युत्तर अभ्यासक्रम, परदेशातल्या शिष्यवृत्त्या, पर्यावरणाचे खटले चालवणारी वेगळी न्यायालयं, संस्था, संशोधन. वाचता वाचता मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. भाषण झाल्यावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, सगळं ठीक आहे, पण यात स्कोप किती आहे?" पोरं हसली. मी हसले नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी नगरच्या कोर्टात एका वकिलाला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर अजून माझ्या उपयोगी पडतं आहे. त्या मुलीला मी जे थोडक्यात सांगितलं ते इथं सविस्तर लिहिते.

मी नगरला वसतिगृहात राहून बी.ए. झाले आणि वाडीत परत आले, तेव्हा वाडीतली पहिली पदवीधर म्हणून माझं कौतुक आठ दिवस पुरलं. नवव्या दिवशी सगळे विचारू लागले की पुढं काय. त्या काळी आमच्यातल्या शिकलेल्या मुलीपुढं दोनच वाटा असत, नर्स नाहीतर मास्तरीण. रक्त बघून मला भोवळ यायची, म्हणजे एकच उरली. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, नगरमध्ये मुलींच्या एका शाळेत शिकवायची. तिनं दहा जणींना शब्द टाकून त्याच शाळेत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. जूनमध्ये शाळा उघडतील त्या सोमवारी हजर व्हायचं, पुढं बी.एड.ला शाळाच पाठवणार. आईनं दोन नव्या सुती साड्या ट्रंकेत घालून वर डांबराच्या गोळ्यासुद्धा टाकल्या होत्या. मी काही नाखूष नव्हते. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं, शिकलेले लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते, आणि मला जागा चालून आली होती.

दिवसभर घरात दोन आवाज असायचे. एक आप्पांच्या पेटीचा. ते मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि रविवारच्या उपासनेला पेटी वाजवायचे, म्हणून बाकीचे सहा दिवस तालीम चाले. दुसरा विहिरीच्या रहाटाचा. रहाट कुरकुरला की आई आवाजावरून सांगायची की पाणी कोण ओढतंय. त्या उन्हाळ्यात दोर इतका खोल जायचा की रहाटाचं कुरकुरणं संपता संपत नसे.

आमच्या वरच्या अंगाला, दोनेक मैलांवर, उसाच्या मळीपासून स्पिरिट काढणारी एक छोटी खाजगी फॅक्टरी निघाली होती. आता ती नाही आणि तिचे मालकही नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. त्या भर उन्हाळ्यात, जिल्ह्यातल्या नद्यांना टिपूस नसताना, एके सकाळी आमच्या ओढ्याला पाणी आलं. पोरं नाचत सुटली. आप्पांनी त्या रविवारी उपकारस्तुतीचं गीत लावलं आणि आम्ही सगळ्यांनी ते घसा फाडून म्हटलं. तीनचार दिवसांत पाण्याचा रंग काळ्या चहासारखा झाला, वर फेस आला, कुजलेल्या गुळाचा वास सुटला, आणि महिन्याभरात तो वास आमच्या विहिरीत उतरला. देवाचे उपकार मानून बसलो होतो, आता ते परत कसे घ्यायचे, असं आप्पा म्हणाले. ते विनोदानं म्हणाले होते, पण पेटीवर त्यांनी ते गीत पुढं कितीतरी महिने घेतलं नाही.

वाडीत पोरांची पोटं बिघडली. बायांच्या हातांना खाज सुटली. पलीकडच्या मळ्यातल्या पारूकाकूनं घोडेगावच्या बाजारातून आणलेली गाभण म्हैस ओढ्यावर पाणी प्यायली आणि चार दिवसांनी गाभडली. पण बोलायचं कुणी? फॅक्टरीत अलीकडचे आणि पलीकडचे मिळून वीसेक जण कामाला होते. पारूकाकूचा थोरला, ज्ञानोबा, तिथंच वॉचमन होता. काकू आईपाशी येऊन म्हशीसाठी रडायची आणि डोळे पुसून म्हणायची, "पर बोलू नगा मास्तरीणबाई. दुस्काळात पोराची भाकर तिथनंच येती."

शेवटी अर्ज करायचं ठरलं, आणि घरात बी.ए. झालेली मुलगी असताना तो दुसरं कोण लिहिणार. मी चार पानं लिहिली, त्यात वापरायला मिळतील तेवढे सगळे मोठे शब्द वापरले आणि खाली पंधरा घरांचे सही-अंगठे घेतले. महिन्यानं आरोग्य खात्याचे एक निरीक्षक आले. ऊन इतकं होतं की ते जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. विहिरीच्या दोन बाटल्या भरून ठेवा, परवा शिपाई घेऊन जाईल, एवढं सांगून गेले.

साहेबानं आपल्या घरचं पाणी मागितलं आहे. आईच्या दृष्टीनं गोष्ट एवढीच होती. तिनं सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्या राखेनं घासल्या, कढत पाण्यानं विसळल्या, उन्हात उपड्या घातल्या. मग विहिरीचं पाणी आणून उकळलं, तुरटी फिरवली, निवळू दिलं आणि चौपदरी फडक्यातून दोनदा गाळून बाटल्यांत भरलं. वास राहू नये म्हणून प्रत्येक बाटलीत वाळ्याची एक एक काडी थोडा वेळ बुडवून काढली. यात लपवायचं काहीच नव्हतं. सगळं ओसरीवर, चारचौघींसमोर चाललं होतं, आणि जिला तिला ते बरोबरच वाटत होतं. फडक्याची दोन टोकं मी धरली होती. मी, बी.ए. झालेली, चार पानी अर्ज लिहिलेली. माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. उलट बाटल्या उजेडात धरून मीच म्हणाले की किती छान दिसतंय.

उत्तर आलं ते आप्पांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. पाणी स्वच्छ, दुर्गंधीरहित आणि पिण्यास योग्य आढळल्यामुळे आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आई चुलीपाशी होती. तिथूनच तिनं तोंड बाहेर काढलं आणि तिचा चेहरा अगदी फुलला होता. "बगा," ती म्हणाली, "सायबानं बी चांगलं म्हनलं." आप्पांनी कागदाची घडी घातली. तिनं आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खुंटीवर वाळत घातलेल्या फडक्याकडे. हळूहळू तिला उमगलं. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला तिचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

शाळेचं नेमणुकीचं पत्र घ्यायला आप्पा आणि मी नगरला गेलो, तेव्हा आप्पा मला कोर्टात घेऊन गेले. इनामदार वकिलांशी त्यांची ओळख होती, तीही पेटीवरून. दोघंही भिंगारच्या एकाच कारागिराकडे पेटी दुरुस्तीला न्यायचे आणि तिथं तासन्‌तास वाद घालायचे. वकीलसाहेबांनी माझा अर्ज वाचला, सरकारी उत्तर वाचलं, आणि आप्पांना सोडून मला विचारायला लागले. पाणी कुणी भरलं? कुणासमोर? बाटलीला सील होतं का? मी सगळं सांगितलं, वाळ्याच्या काडीसकट. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग माझ्या डोळ्यांत पाणी बघून एकदम थांबले.

"बाई, तुमच्या आईनं पुराव्याचा पाहुणचार केला," ते म्हणाले. "पुराव्याला काही करायचं नसतं. आहे तसा ठेवायचा, चारचौघांसमोर भरायचा आणि वर लाख लावायची. मग बाकीचं तो स्वतः बोलतो."

त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि एका कलमावर बोट ठेवून मला वाचायला लावलं. इंग्रजी अवघड होतं. मी अडखळत वाचत गेले आणि आप्पांसाठी मराठीत सांगत गेले. लोकांच्या आरोग्याला त्रास होईल असा धंदा कुणी चालवत असेल, तर मॅजिस्ट्रेट तो त्रास थांबवायचा हुकूम देऊ शकतो, अशा अर्थाचं ते होतं. आमच्यासाठी मॅजिस्ट्रेट म्हणजे प्रांतसाहेब. सांगून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इंग्रजांच्या काळापासून हे वाक्य त्या पुस्तकात पडून होतं आणि आमची विहीर त्यात बरोबर बसत होती. आमच्यासारख्यांनी पाणी मागायचं ते हात पसरून, असंच मी ऐकत आले होते. कलमात हात पसरण्याचा उल्लेख नव्हता. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. पर्यावरण हा शब्द तेव्हा मी ऐकला नव्हता. मानवी हक्क हे शब्द कुठंतरी वर्तमानपत्रात वाचले असतील, पण ते लांबच्या कुठल्यातरी माणसांचे असतात अशी माझी समजूत होती.

वकीलसाहेब आप्पांना म्हणाले की नगरला आता कायद्याचं शिक्षण घ्यायची सोय झाली आहे, वर्ग संध्याकाळचे असतात, मुलीला घाला. तेव्हा आप्पांनी तो प्रश्न विचारला. मुलीच्या जातीनं वकिली करून पुढं मिळणार काय?

"पुढचं मला ठाऊक नाही, मास्तर," वकीलसाहेब म्हणाले. "माझ्याकडे पहिली दोन वर्षं एक पक्षकार फिरकला नव्हता. हिच्याकडे सनद नसताना पंधरा घरं आहेत."

घरी येताना एसटीत आप्पा खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. मांडीवर दोन कागद होते, एक नेमणुकीचं पत्र आणि एक प्रांतांकडच्या अर्जाचा मसुदा. इमामपूरच्या घाटात गाडी वळणं घ्यायची तसे ते इकडून तिकडे घसरायचे आणि मी दोन्ही धरून ठेवत होते.

प्रांतसाहेबांनी अर्ज दाखल करून घेतला आणि महसूल खात्याच्या सर्कल इन्स्पेक्टरनी जागेवर जाऊन ओढ्याचा आणि विहिरीचा पंचनामा करावा, पाणी पंचांसमक्ष सीलबंद करून आणावं, असा आदेश दिला. सर्कलना दुष्काळी कामांच्या हजेऱ्यांतून सवड मिळाली ती नेमकी त्या सोमवारी, ज्या सोमवारी मला शाळेत हजर व्हायचं होतं. पुढं ढकलावं तर पाऊस तोंडावर आलेला. एकदा ओढा वाहिला की पुरावा वाहून जाणार. मी शाळेला दोन दिवसांची मुदत मागितली. मावशीचं उत्तर उलट टपाली आलं. सोमवारी ये, नाहीतर जागा दुसरीला देतील, यादीत चौघी उभ्या आहेत, आणि माझं नाक कापलं जाईल ते वेगळंच.

शुक्रवारी संध्याकाळी बाया आमच्या ओट्यावर जमल्या. मला त्या किरपा म्हणत. त्यांचं म्हणणं एकच होतं, किरपा नसंल तर आमी पानी काढनार न्हाई, पुन्यांदा चुकंल. आई मात्र हट्टाला पेटली होती. तू जा, पाणी मी भरते, मला सगळं समजलंय, असं ती म्हणत होती. कसं भरशील, असं मी विचारलं. "तसंच. घान," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा हात आपोआप खुंटीवरच्या फडक्याकडे गेला. माझ्या लक्षात आलं हे तिच्याही लक्षात आलं. तिनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. मी तेव्हाच ठरवलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं, शिकवणारी समोरच बसली होती, आणि मी तिला सांगितलं की मी जात नाही. आई रविवारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ट्रंकेतल्या साड्या काढून तिनं त्यांची घडी उलटी केली आणि परत ठेवल्या.

रविवारी उपासनेत पावसासाठी खास प्रार्थना होती. साऱ्या जिल्ह्यातले सगळ्या धर्मांचे लोक त्या महिन्यात तेच मागत होते. सगळ्यांबरोबर मीही गुडघे टेकले, डोळे मिटले, आणि मनात म्हटलं की प्रभू, दे, पण मंगळवारी दे. इतकी वर्षं झाली, ही प्रार्थना मी कुणाला सांगितली नव्हती. देवानं ती ऐकली याचं मला अजूनही थोडं ओशाळं वाटतं.

सोमवारी सर्कलसाहेब सायकलवरून आले, बरोबर एक शिपाई. पंच म्हणून यायचं कबूल केलेले दोघे आलेच नाहीत. एकाला ताप आला होता, दुसऱ्याला अचानक परगावी जायचं आठवलं होतं. आमच्या घरांपैकी कुणी चालणार नव्हतं, कारण आम्ही सगळे अर्जदार. साहेब घड्याळ बघू लागले. इतक्यात घोडेगावच्या बाजाराला दोन बैल घेऊन निघालेला एक व्यापारी ओढ्यावर थांबला. बैलांना पाण्यावर नेलं तर त्यांनी तोंड लावलं, फुरफुरले आणि चार पावलं मागं सरले. तहानलेली जनावरं, पण काही केल्या पिईनात. साहेबांनी ते पाहिलं आणि त्या माणसाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, बैल खोटं बोलत न्हाईत, कुठं सही करायची सांगा. एक पंच झाला.

दुसरा कुठून आणायचा म्हणून आम्ही बघत असताना ओढा ओलांडून पारूकाकू आली. तिनं डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढला होता. कुणाकडे न बघता ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "माजा अंगटा चालंल का?" तिनं विचारलं.

साहेब जरा चाचरले. बाईमाणूस पंच म्हणून त्यांनी आजवर घेतलं नव्हतं. हा प्रश्न मी इनामदार वकिलांना आधीच विचारून ठेवला होता, त्यामुळे मला तोंड उघडता आलं. मी म्हणाले, "साहेब, पंच माहितगार आणि तिऱ्हाईत असावा. बाई नसावी असं कुठंही लिहिलेलं नाही." माझ्या वकिलीतला हा पहिला युक्तिवाद. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंना विचारलं की तुमचं कुणी फॅक्टरीत आहे का. मला वाटलं आता ती मागं फिरणार. "पोरगा हाय," ती म्हणाली. "त्याला सांगून आली. म्हनलं, तुजी भाकर खाती, पर म्हशीचं खोटं न्हाई सांगायची." साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग साहेब ओट्यावर टेकले. ऊन मी म्हणत होतं. आईनं सवयीनं लख्ख तांब्या, पेला आणि गुळाचा खडा पुढं केला. ते आमच्या घरचं पाणी पितील का, हा विचार आमच्या सगळ्यांच्या मनात येऊन गेला. ते गटागटा दोन पेले प्यायले, मान डोलावली, आणि मग काहीतरी ध्यानात आल्यासारखे थांबले. हे याच विहिरीचं पाणी का, असं त्यांनी विचारलं.  मागल्या बाटल्यांचं झालं तेच पुन्हा होणार असं मला वाटलं.

आई उठून विहिरीवर गेली. रहाट कुरकुरला, दोर खाली गेला, वर आला. पोहऱ्यातलं पाणी तिनं तसंच आणलं, वर फेस, काळपट पिवळं, वास ओट्यापर्यंत येणारा. शिपायानं आणलेल्या कोऱ्या बाटल्या पुढं ठेवल्या होत्या. त्यांत ओतताना थोडं पाणी साहेबांच्या बुटावर सांडलं.

"तुमी पिला त्याला दोन दिस लागत्यात," ती म्हणाली. "उकळायचं, तुरटी फिरवायची, गाळायचं. पावन्याला घान पानी दिऊ नये म्हनून. मागल्या साहेबाला बी तसंच दिलं, माजी चूक झाली. ह्ये आमचं पानी. जसं हाय तसं." आणि मग ती रडली. मी तिला तोपर्यंत कधी चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं.

सर्कलसाहेब बराच वेळ लिहीत होते. बाटल्यांना लाख लावली, वर व्यापाऱ्याची सही आणि पारूकाकूचा अंगठा. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं की पूर्वीचा नमुना अर्जदारांनी घरगुती रीतीनं शुद्ध करून दिलेला होता, सबब तो अहवाल ग्राह्य धरता येत नाही. वाचून दाखवल्यावर त्यांनी उरलेला पेला उचलला आणि तोही पिऊन टाकला. आपण साहेबाच्या बुटावर पाणी सांडलं याचं दुःख आईला त्या दिवशी सगळ्यात जास्त झालं होतं.

प्रांतांचा हुकूम व्हायला वेळ लागला. फॅक्टरीनं तारखा मागितल्या, मोठे वकील आणले, पण त्या दोन बाटल्यांपुढं त्यांचं चाललं नाही. मळीचं पाणी ओढ्यात सोडू नये, लांब माळावर खड्डे खणून मुरवावं, असा हुकूम झाला. ज्ञानोबाला काढून टाकतील या भीतीनं पारूकाकू आठ दिवस जेवली नव्हती. त्याला काढलं नाही, खड्डे खणायच्या कामावर मात्र पहिलं नाव त्याचंच घातलं. तो खणताना हसून सांगायचा, आईनं अंगठा उठवला आणि फोड माझ्या हाताला आले. त्या खड्ड्यांनी माळाचं काय केलं हा पुढचा प्रश्न, आणि त्यासाठी मला पुढं पुन्हा भांडावं लागलं, तेव्हा कुठं मला समजलं की हे काम एका हुकमानं संपत नसतं.

शाळेची जागा गेली ती गेलीच. मावशी दोन नाताळांत करंज्या घेऊन आली नाही. मी वर्षभर वाडीतच राहिले, सकाळी आप्पांच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि दुपारी आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्यांचे अर्ज लिहायची. आता अर्ज एका पानाचे असत. पुढल्या जूनमध्ये मी लॉ कॉलेजात नाव घातलं. तिथं माझ्या विषयाला नाव नव्हतं. एका प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, उपद्रवाचं एक प्रकरण आहे, तेवढं वाच. मी ते इतकं वाचलं की पुस्तक त्या पानावर आपोआप उघडायचं. म्हणून भिंतीवरचे ते रंगीत तक्ते पाहून मला हेवा वाटतो. पण त्या मुलीला मी सांगितलं की बाई, तक्त्यावर जागा मोजू नकोस, आधी तुझी पंधरा घरं कुठली ते बघ.

मी नगरला निघाले त्या दिवशी आईनं त्याच दोन सुती साड्यांतली एक मला नेसवली. वर्षभर ती माझ्याशी नीट बोलत होती, पण त्या सोमवाराबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. एसटीच्या थांब्यावर ती माझ्यामागं चालत आली. पदराखाली तिनं सरबताची एक बाटली धरली होती. गाडीचा धुरळा दिसू लागला तेव्हा तिनं ती माझ्या हातात दिली. मी सवयीनं उजेडात धरली. पाणी नितळ होतं. मी विचारलं, "कधी गाळलंस?"

"न्हाई गाळलं," आई म्हणाली. "आत्ताच वढून आनलं. जसं हाय तसं."

मी थांब्यावरच बूच काढलं आणि तिच्यादेखत अर्धी बाटली प्यायले.